माधापूरचे दगड आणि पीटी मॅडमची शिट्टी

माझा व्यवसाय नेमका काय आहे, हे माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. लग्नाच्या वेळी मी विमा विकायचो, तेव्हा ते पाहुण्यांना सांगायचे, ‘‘जावई विम्यात आहेत.’’ पुढे विमा सोडून मी म्युच्युअल फंडांकडे वळलो. तेव्हापासून ते सांगतात, ‘‘जावई शेअर्समध्ये असतात,’’ आणि हे सांगताना आवाज असा खाली आणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्या पोरीच्या नशिबी दारुडा आला.

दोष त्यांचा नाही. माझं काम दिसत नाही. डॉक्टरकडे सुई असते, वकिलाकडे काळा कोट असतो. माझ्याकडे हैदराबादला नारायणगुड्यात एका टिफिन सेंटरच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, दोन खुर्च्या आहेत, आणि खालून येणारा पेसरट्टूचा, म्हणजे मुगाच्या डोशाचा, वास आहे. हा वास व्यवसायाला फार उपयोगी पडतो. बाजार कोसळला की घाबरलेली माणसं तावातावाने जिने चढून येतात आणि वर पोचेपर्यंत त्यांना भूक लागलेली असते. खाऊन झालं, की निम्मी भीती गेलेली असते.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुष्कळ लोकांचे थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि एका जाणत्या माणसाने ते शेअर्समध्ये, रोख्यांमध्ये लावायचे, ही झाली फंडाची कल्पना. मी वितरक, म्हणजे मधला माणूस. कुणी किती बाजूला टाकावं, कुठे ठेवावं हे सांगायचं, पैसे तिथे पोचवायचे, आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या माणसाला त्याच्याच पैशांपासून लांब ठेवायचं. पहिली दोन कामं कोणीही करेल. कमिशन मिळतं ते खरं तर तिसऱ्यासाठी.

पत्थरगट्टीचे एक अत्तरवाले माझे जुने ग्राहक. एकदा बाजार असा काही पडला, की मीसुद्धा पेपर उघडायचा टाळत होतो. हे दुपारी आले, खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, ‘‘साब, बेचना नै है. बस एक बार देखना है.’’

‘‘क्या देखना है?’’

‘‘पैसा. है कि नै.’’

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. आकडा चांगलाच रोडावला होता. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, एखाद्या आजारी नातेवाइकाकडे पाहावं तसं. मग पडद्याला हात लावून सलाम केला, माझ्या मनगटाला अत्तराचा एक फाया चोळला आणि गेले. काढलं काहीच नाही. असं शहाणं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही. मी स्वतःसुद्धा तितका शहाणा नाही, आणि तीच हकिगत आज सांगायची आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी वर्षातून दोन-तीनदा ‘पैशांची बाराखडी’ नावाचा वर्ग घेतो. फुकट. पहिल्या वर्गाला मी सूट घालून गेलो होतो. चक्रवाढ, महागाई, जोखीम असं सगळं रंगीत आलेखांसह तासभर सांगितलं आणि विचारलं, ‘‘काही शंका?’’ पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, ‘‘याच्यात लॉकर मिळतो का?’’ शेवटच्या रांगेतून पुण्याहून आलेला एक आयटीवाला उठला आणि माझ्या आलेखातली चूक दाखवून खाली बसला. त्या दिवशी मी सूट कपाटात टांगला, तो तिथेच आहे.

मग मी स्वयंपाकघरात शिरलो. म्हणजे उदाहरणांपुरता. म्हणालो, घरात तीन प्रकारच्या वस्तू असतात. उद्याचं दूध, महिन्याचं वाणसामान आणि आवकायची, म्हणजे तेलुगू पद्धतीच्या कैरीच्या लोणच्याची, बरणी. दुधाचे पैसे हाताशी हवेत, बँकेत, केव्हाही काढता येतील असे. वाणसामानाचे पैसे सरकारी ठेवीत, पोस्टात. फार वाढत नाहीत, पण ठरल्या दिवशी येतात. आणि आवकायची बरणी म्हणजे शेअर्सचे फंड. ती घालायची, दादरा बांधायचा आणि विसरायची. घाईघाईने ओला चमचा घातला, की बुरशी आलीच. दूध बरणीत घालू नये आणि लोणचं रोज सकाळी चहात घेऊ नये. झाली बाराखडी.

हैदराबादच्या माणसाला आवकाय समजावून सांगावी लागत नाही. वर्ग चालू लागला.

त्याच वर्गात शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसायच्या निर्मला बिरादार. मुलींच्या शाळेत त्यांनी सारी नोकरी खेळांच्या शिक्षिका म्हणून केली. अर्ध्या नल्लकुंट्याला त्यांनी कवायत शिकवलेली, त्यामुळे सगळे त्यांना पीटी मॅडम म्हणतात. किल्ल्यांच्या जुडग्यात अजून शिट्टी असते. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, ‘‘देशपांडे, आवाज गळ्यातून येतोय. पोटातून काढा. मागे काही ऐकू येत नाही.’’

मी वर्गात येणाऱ्यांना दरवर्षी एक भिंतीवरचं कॅलेंडर देतो. देवाचं चित्र छापलं तर कुणी फेकत नाही, म्हणून वर बालाजी आणि खाली माझं नाव. आणि नावाखाली ठळक अक्षरांत एक ओळ: ‘पैसे देण्याआधी विचारा: परत मागितले, तर कोण देणार आणि किती दिवसांत?’ ही ओळ मीच रचलेली आहे. मला तिचा फार अभिमान. मॅडमनी ते कॅलेंडर गॅसच्या शेगडीसमोर लावलं होतं.

शाळा खासगी, त्यामुळे त्या निवृत्त झाल्या तेव्हा पेन्शन नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून बावीस लाख हातात आले. आयुष्यभराची पुंजी ती एवढीच. नल्लकुंट्यात त्या एका जुन्या घराच्या वरच्या पोर्शनमध्ये भाड्याने राहतात. समोर मैदान, शेजारी माजी विद्यार्थिनी, रस्त्याने जाताना दर चार पावलांवर ‘‘नमस्ते मॅडम’’. त्यांना तिथेच राहायचं होतं. त्यासाठी हवं होतं काय, तर दर महिन्याला भाडं आणि घरखर्च निघेल एवढी रक्कम. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, ‘‘मला श्रीमंत व्हायचं नाही देशपांडे. मला एक तारखेला पगार झाल्यासारखं वाटलं पाहिजे.’’

मुलगा तुषार कोंडापूरला, आयटीत. पोरगा गुणी, पण त्याला कुणीतरी शहराबाहेरच्या ‘व्हेंचर’चं वेड लावलं होतं. परगावच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे व्हेंचर म्हणजे माळरानावर आखलेले प्लॉट. कमान आधी उभी राहते, रस्ता मागून येतो. तुषारचं म्हणणं, ‘‘आई, प्री-लॉन्च रेट आहे. एकवीस लाखांत दोनशे गज. रिंग रोड आला की डबल. तोपर्यंत तू आमच्याकडे राहा ना, टेन्शन काय?’’

टेन्शन होतं ते असं, की कोंडापूरला चौदाव्या मजल्यावर मॅडमना ‘‘नमस्ते’’ म्हणणारं कुणी नव्हतं, आणि प्लॉट काही महिन्याला भाडं देत नाही. पण मुलगा कौतुकाने सांगतोय, नाही म्हणायचं कसं? त्यांनी मला फोन केला. ‘‘रविवारी ते बसने साइट दाखवायला नेतायत. तुम्ही चला. तुम्ही विचाराल ते प्रश्न मला सुचायचे नाहीत. तुषारला तुमच्या तोंडून कळू दे.’’

मी म्हणालो, ‘‘मॅडम, निश्चिंत राहा. अर्ध्या तासात मी त्यांची हवा काढतो.’’

आता इथे मला माधापूरबद्दल सांगायला हवं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासऱ्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून माधापूरला नेलं होतं. तेव्हा तिथे दगड होते. नुसते दगड, हत्तीएवढे, एकावर एक रचल्यासारखे, आणि मधून बकऱ्या. सासरे म्हणाले, ‘‘जावईबापू, थोडे पैसे मी घालतो, थोडे तुम्ही घाला. घेऊन ठेवा.’’ मी तेव्हा नवा नवा अर्थतज्ज्ञ. हसलो आणि म्हणालो, ‘‘इथं दगडांशिवाय काय आहे?’’ पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या दगडांच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या तळघरात गाडी लावायला मला तासाचे पैसे मोजावे लागतात. तेव्हापासून दर पाडव्याला सासऱ्यांकडे जेवताना श्रीखंडानंतर माधापूर वाढलं जातं. हैदराबादच्या प्रत्येक मराठी घरात असा एक न घेतलेला प्लॉट असतो. आमचा जरा जास्त मोक्याचा होता, इतकंच.

तर रविवारी सकाळी नारायणगुड्याच्या चौकातून एसी बस निघाली. व्हेंचरचं नाव असं, की त्यात सोनं, देव आणि दरी तिन्ही होती. बसमध्ये इडली-वड्याची पाकिटं, थंड पाणी, अंताक्षरी. आमच्याबरोबर श्रीनिवास नावाचा एक तरतरीत विक्रेता होता. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. मॅडमना त्याने ‘अम्मा’ केलं, तुषारला ‘ब्रो’ आणि मला ‘सर’.

साइटवर पोचल्यावर पहिला अर्धा तास माझा होता, हे मी नम्रपणे सांगतो. कमान भव्य होती, रस्ता नव्हता. जलतरण तलावाच्या जागी ‘जलतरण तलाव’ असं लिहिलेली पाटी होती. मी विचारलं, ले-आउट मंजूर आहे का? श्रीनिवास म्हणाला, ‘‘प्रोसेस में है सर.’’ मी विचारलं, पाणी? ‘‘प्रोसेस में है सर.’’ मी मॅडमकडे पाहून डोळा मारला. तुषार विचारात पडला होता. मॅडमनी समाधानाने वड्याचं पाकीट उघडलं. मी इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

श्रीनिवास म्हणाला, ‘‘सर, आप जरा पीछे का साइड देखो.’’

मी मागे गेलो आणि जागीच खिळलो. दगड होते! तेच, हत्तीएवढे, एकावर एक रचल्यासारखे. मधून बकऱ्या चाललेल्या. एका बकरीने तर माझ्याकडे ओळखीचं पाहिलं, अशी माझी खात्री आहे. कानात सासऱ्यांची स्कूटर वाजू लागली.

‘‘सर, पच्चीस साल पहले माधापूर ऐसाच था,’’ श्रीनिवास हळूच म्हणाला.

त्याला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. तो प्रत्येकाला हेच सांगत असणार. पण मला वाटलं, हा पोरगा माझ्याशी बोलतोय, माझ्या पाडव्यांशी बोलतोय. मग त्याने मला एसी केबिनमध्ये नेलं. नारळपाणी दिलं. भिंतीवरच्या नकाशावर विकल्या गेलेल्या प्लॉटवर लाल टिकल्या होत्या, आणि मी बघतोय तोवर एक मुलगी येऊन आणखी दोन चिकटवून गेली. ‘‘सर, आम पब्लिक को ये बात समझती नै. आप फायनान्स लाइन के हैं, आप को क्या समझाना. ईस्ट फेसिंग कॉर्नर एकच बचा है. वो बाजू में बैठे सो डेंटिस्ट साब सोच रे.’’

मी बाजूला पाहिलं. दिलसुखनगरचे एक डेंटिस्ट खरंच सोचत होते. त्यांच्या हातात पेन होतं.

वाचकहो, मी माणसांना धीर शिकवून पोट भरतो. ‘घाई कुणाची, फायदा कुणाचा’ यावर माझं वीस मिनिटांचं भाषण तयार आहे. पण त्या पेनाचं टोक कागदाकडे निघालेलं पाहिलं आणि माझ्या अंगात कुणीतरी शिरलं. मी फोन काढला आणि टोकन म्हणून एक लाख रुपये पाठवून दिले. तेही कुठून? माझ्या उद्याच्या दुधाच्या खात्यातून.

मग सगळं फार भराभर झालं. मला बाहेर मंडपात आणलं आणि फटाक्यांची माळ लागली. कुणीतरी माझ्या अंगावर शाल टाकली, फोटो काढला, आणि माइकवरून गर्जना झाली, ‘‘कॉर्नर प्लॉट, ईस्ट फेसिंग, देशपांडेगारू! चप्पट्लु! चप्पट्लु!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. माझ्या व्यवसायात मला आजवर कुणी शाल दिलेली नव्हती.

शालीतून मान वर काढली, तर समोर तुषार आणि मॅडम. तुषारचा चेहरा उजळून निघाला होता. ‘‘बघ आई! काका स्वतः फायनान्सवाले असून घेतायत. म्हणजे डील सॉलिड आहे. तू उगाच घाबरत होतीस.’’ त्याने टेबलावरचा बुकिंगचा कागद पुढे ओढला. मॅडमच्या पर्समध्ये चेकबुक होतं. तुषारच्या आग्रहाखातर त्यांनी ते आणलं होतं आणि माझ्या भरवशावर ते बंद ठेवलं होतं.

माझा लाख गेला तर मंगल, म्हणजे माझी बायको, मला चार दिवस बोलेल आणि विषय संपेल. पण मॅडमचे एकवीस लाख या दगडांत गेले, की त्यांचा पोर्शन गेला, मैदान गेलं, एक तारीख गेली. आणि ते घालवायला मी शाल पांघरून उभा होतो.

मॅडमनी चेकबुक काढलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग कवायतीच्या मैदानावरचा तो आवाज आला, थेट पोटातून: ‘‘देशपांडे. इकडे या.’’

मी शालीसकट गेलो.

‘‘तुमच्या कॅलेंडरवर काय लिहिलंय?’’

‘‘बालाजी...’’

‘‘खाली.’’

मी पुटपुटलो, ‘‘परत मागितले, तर कोण देणार आणि किती दिवसांत.’’

‘‘मग? कोण देणार? किती दिवसांत?’’

‘‘कंपनी देईल. दिवस... विचारावे लागतील.’’

‘‘देताना नाही विचारलेत?’’

मी दगडांकडे पाहिलं. बकरीने मान फिरवली.

‘‘ठीक आहे,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘आता विचारा. माझ्यासमोर. परत मागा.’’

‘‘आत्ता? मॅडम, शाल...’’

‘‘शालीला काय होतंय? उभे राहा सरळ.’’

मी आयुष्यात पुष्कळ अवघड गोष्टी मागितल्या आहेत. मंगलचा हात मागितला तोही याच सासऱ्यांकडे. पण नुकत्याच वाजलेल्या टाळ्यांसमोर, फटाक्यांचा धूर अजून नाकात असताना, ‘‘माझे पैसे परत द्या’’ म्हणणं यासारखं अवघड काही नाही. मला वाटत होतं, जाऊ दे लाख, बसमध्ये जाऊन झोपावं. पण तुषारने पेनाचं टोपण काढलं होतं. मी श्रीनिवासकडे वळलो.

‘‘श्रीनिवास, टोकन वापस चाहिए.’’

श्रीनिवास अक्षरशः कळवळला. ‘‘सर! अभीच तो फटाके फोडे!’’

‘‘फटाक्यांचे पैसे काट लेना.’’

तो धावत मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर जाडजूड, शांत, बोटांत अंगठ्या. त्याने समजावलं, की टोकन परत होत नाही. पण घाबरायचं कारण नाही, पुढच्या फेजमध्ये वळतं करता येईल. पुढची फेज कुठे आहे? प्रोसेस में है. किंवा हाच प्लॉट दुसऱ्या कुणी घेतला तर काही रक्कम कापून देऊ, तेही बाकीचे प्लॉट संपल्यावर, ऑफिसात येऊन अर्ज केला तर. हे सगळं चालू असताना माइकवरचा माणूस ओरडतच होता, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

मॅडमनी जुडग्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

मी ती शिट्टी आधी कधी ऐकली नव्हती. माइकवाला गप्प. फटाक्यांची पुढची माळ घेऊन निघालेला माणूस एक पाय वर करून थांबला. बुकिंगच्या रांगेतल्या दोन बायका चटकन सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या विद्यार्थिनी असणार.

‘‘एकच सवाल है,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘किसी को भी पैसा वापस चाहिए, तो कौन देगा और कितने दिन में?’’

मॅनेजर हसला. ‘‘मॅडम, इधर आ के कोई वापस नै माँगता.’’

‘‘ये माँग रहे ना. शाल पहन के.’’

मंडपात आधी एक जण हसला, मग दहा. केबिनच्या दारात आलेल्या डेंटिस्टसाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. पण मी बघत होतो तुषारकडे. तो मॅनेजरला म्हणाला, ‘‘म्हणजे आईला अचानक पैसे लागले, समजा दवाखान्यासाठी, तर?’’

‘‘ब्रो, पॉझिटिव्ह सोचो,’’ श्रीनिवास मध्येच म्हणाला.

तुषारने बुकिंगचा कागद टेबलावर पालथा घातला. ‘‘आई, चल. सॉरी. मी हे विचारलंच नव्हतं.’’

‘‘विचारायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही,’’ मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघण्याचं सौजन्य त्यांनी दाखवलं.

बिर्याणीचं जेवण मात्र आम्हाला मिळालं. बसमध्ये चढताना श्रीनिवास ओशाळा होऊन आला. ‘‘सर, बुरा नक्को मानो. वो शाल वापस दे देते क्या? एकच है आज.’’ मी काढून दिली. कोण देणार आणि किती दिवसांत? मी, ताबडतोब. मॅडम खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. खांदे हलत होते म्हणून कळलं.

घरी मंगलला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘नक्की कोणत्या दिशेचा होता?’’ म्हटलं, पूर्वेचा. ‘‘मग ठीक आहे,’’ ती म्हणाली आणि पुढचे चार दिवस काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलणं परवडलं असतं.

तिने आपल्या वडिलांना कळवलंच. संध्याकाळी त्यांचा फोन. आवाजात इतका आनंद मी लग्नातही ऐकला नव्हता. ‘‘जावईबापू, ऐकलं ते खरं? शेवटी प्लॉट घेतलात?’’

‘‘घेतला होता. पैसे परत मागितले.’’

सासऱ्यांनी विचारलं, ‘‘दगड होते का तिथं?’’

‘‘होते. खूप.’’

‘‘तुम्ही सुधारणार नाही,’’ म्हणाले, आणि फोन ठेवला.

टोकनचं पुढे काय झालं, असं वर्गात हमखास विचारतात. महिनोन्‌महिने चकरा मारल्यावर निम्मं परत आलं. उरलेलं मी शिकवणीची फी म्हणून सोडून दिलं. माझा शाल पांघरलेला फोटो त्या लोकांनी ‘समाधानी ग्राहक’ म्हणून आपल्या ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे माझ्याच दोन गिऱ्हाइकांनी मला विचारलं, ‘‘सर, आम्ही पण घ्यावा का?’’ तो फोटो आता माझ्या वर्गात पडद्यावर सगळ्यात आधी येतो. आधी लोक हसतात, मग ऐकतात. सूट घालून जे जमलं नाही ते शालीने जमलं.

मॅडमच्या पैशांची मांडणी आम्ही तिघांनी त्यांच्या पोर्शनमध्ये बसून केली. तुषारने लॅपटॉपवर हिशेब केला, मी उदाहरणं दिली, मॅडमनी उपमा दिला. थोडं दूध, मोठा वाटा वाणसामानाचा, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांची सरकारी ठेव आणि पोस्टाची महिन्याची योजना, आणि एक लहानशी आवकायची बरणी. यातल्या मोठ्या वाट्यावर मला छदामही कमिशन नाही, हे मंगलने नंतर माझ्या लक्षात आणून दिलं. कमी पडेल ते मॅडम सकाळच्या योगाच्या वर्गातून काढतात. समोरच्या मैदानावर निम्मा नल्लकुंटा त्यांच्यापुढे वाकलेला असतो.

या व्यवसायातली एक खंत आहे. जे नुकसान झालं नाही, त्याचा फोटो काढता येत नाही. मॅडमचा न गेलेला पोर्शन मी कुणाला दाखवू? सासऱ्यांना काय सांगू, की हे माझं काम? त्यांना दगड दिसतात, बरणी दिसत नाही. परवा श्रीनिवास मात्र जिना चढून आला. व्हेंचरची नोकरी सोडली होती. कमिशन अडकलं होतं. खुर्चीत बसून म्हणाला, ‘‘सर, हर महीने थोडा थोडा डालना है.’’ मग घसा साफ करून, ‘‘वापस माँगे तो कौन देगा, कितने दिन में?’’ मी त्याला आधी खालून पेसरट्टू मागवला आणि मग सविस्तर उत्तर दिलं.

मॅडमच्या बाबतीत मात्र मला थोडा पुरावा मिळतो. दर महिन्याच्या सुरुवातीला पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज त्यांच्या फोनवर पडला, की त्या मला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात. शब्द एक नाही. नुसती एक शिट्टी. लांब, खणखणीत, पोटातून. मी ती चहा घेताना मोठ्या आवाजात लावतो.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मंगल कणीक मळता मळता बाहेर आली. ‘‘या वयात तुम्हाला कोण शिट्ट्या मारतंय?’’

म्हटलं, ‘‘पीटी मॅडम. पगार झाला त्यांचा.’’